तासिकेचा अध्यापक आणि बदनापूरची तूर

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यातील कोणत्याही महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक उघडले की पहिल्या काही पानांत 'प्राध्यापकांचे सुयश' अशा मथळ्याचे एक सदर हमखास सापडते. अमुक प्राध्यापकांना पीएच.डी. मिळाली, तमुक प्राध्यापकांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, कोणी उजळणी वर्ग पूर्ण केला, कोणाची विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर नियुक्ती झाली, अशी ती यादी असते. राजकीय कार्यकर्ता ही पाने सहसा उलटून टाकतो. पीकविमा, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी यांच्यापुढे प्राध्यापकांच्या पदव्यांची बातमी त्याला किरकोळ वाटते. पगारदार वर्गाच्या कौतुकात आपण रस घ्यावा तरी का, असेही त्याच्या मनात असते. तरीही जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्याने ही यादी एकदा बारकाईने वाचली पाहिजे. कारण ज्या वर्गात त्याची स्वतःची मुलगी किंवा पुतण्या शिकतो, त्या वर्गावर प्रत्यक्ष शिकवायला जाणाऱ्या अध्यापकाचे नाव पुष्कळदा त्या यादीत नसते.

हा अध्यापक कोण? शासकीय भाषेत तो 'तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक'. त्याच्याजवळ एम.ए. किंवा एम.एस्सी. असते, नेट किंवा सेट असते, अनेकदा पीएच.डी.ही असते. कायम प्राध्यापकासाठी जी पात्रता सांगितली आहे ती त्याने पूर्ण केलेली असते. नसते ती नेमणूक. जुलै-ऑगस्टात मुलाखत होते, एका शैक्षणिक सत्रापुरते किंवा वर्षापुरते पत्र मिळते, उन्हाळ्यात ते संपते आणि पुढच्या वर्षी त्याच खुर्चीपुढे त्याच प्रश्नांना तो पुन्हा उत्तरे देतो. शिकवलेल्या तासाचे पैसे त्याला मिळतात. वाचनाचे, उत्तरपत्रिकांचे, विद्यार्थ्याला कोपऱ्यात घेऊन समजावण्याचे मिळत नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयात एखादा संपूर्ण विषय अशा एकाच माणसावर वर्षानुवर्षे चाललेला आढळतो.

ही परिस्थिती समजायची तर थोडे मागे जावे लागेल. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या वाट्याला उच्च शिक्षण जवळजवळ आलेच नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू. औरंगाबादला इंटरपर्यंतची सोय होती. त्यापुढे शिकायचे तर जालन्याच्या, परभणीच्या, बीडच्या मुलाला हैदराबादची गाडी धरावी लागे, आणि ती धरण्याइतकी ऐपत फार थोड्या घरांत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटू लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय, म्हणजेच पुढचे मिलिंद महाविद्यालय, या दोन्ही संस्था १९५० मधल्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू म्हणून आले. जालन्याला जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. त्याच्या कला शाखेला बागडिया, वाणिज्य शाखेला लखोटिया आणि विज्ञान शाखेला बेझनजी ही नावे आहेत. 'जालना, सोन्याचा पाळणा' म्हणवणाऱ्या बाजारपेठेतला पैसा शिक्षणाकडे वळल्याची ती खूण आहे. अंबडला मत्स्योदरी शिक्षण संस्था आली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढच्या काळात त्याच्या तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालयांच्या पाट्या लागल्या.

त्या पहिल्या पिढीतील प्राध्यापकांची 'सुयशाची यादी' आज कोणी करायला बसला तर त्याची पंचाईत होईल. मिलिंदमध्ये म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे अध्यापक होते. ते अमेरिकेत जाऊन पीएच.डी. करून आले. आजच्या भाषेत ही त्यांच्या 'व्यावसायिक विकासाची संधी' होती. पण वानखेडे पदवीबरोबर आणखी काही घेऊन परतले. तेथील कृष्णवर्णीय लेखकांनी स्वतःच्या भाषेत स्वतःचे जगणे कसे मांडले, ते त्यांनी पाहिले होते आणि नागसेनवनातल्या मुलांना त्यांनी ते सांगितले. १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघाले. गंगाधर पानतावणे यांनी ते पुढे अनेक दशके चालवले आणि मराठीतील दलित साहित्याला त्याने घर मिळवून दिले. २०१८ मध्ये पानतावण्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही गोष्ट अहवालात छापण्यासारखी होती खरी, पण तोवर त्यांच्या कामाचे अर्धशतक लोटले होते.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. या पानाच्या वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सेवादलाच्या संस्कारांत ते वाढले, पदव्यांच्या वाटेने उशिरा आले, पीएच.डी. त्यांच्या नावाला कधी लागली नाही. तरीही भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत त्यांनी जे लिहिले आणि मराठवाड्याच्या गावोगावी जी व्याख्याने दिली, त्यांतून दोन पिढ्यांची वैचारिक मशागत झाली. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य असताना १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात त्यांचे निधन झाले. आजच्या गुणांकन पद्धतीत कुरुंदकरांचे किती गुण भरले असते, हा प्रश्न प्राध्यापक मंडळी चहाच्या टेबलावर थट्टेने विचारतात. थट्टा जुनी झाली, पण तिच्यातला बोचरेपणा गेलेला नाही.

याचा अर्थ तो काळ सुवर्णाचा होता असा नव्हे. कायम झाल्यावर एकही नवे पुस्तक न उघडणारे, पिवळ्या पडलेल्या वहीतून वीस वर्षे तीच टिपणे सांगणारे प्राध्यापक तेव्हाही होते, आणि त्यांची संख्या कमी नव्हती. त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दुखण्यावर हात ठेवला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अधिव्याख्यात्याची ७००-१६०० ही १९७३ ची वेतनश्रेणी १९८६ पासून २२००-४००० झाली आणि त्याच्या मोबदल्यात शिक्षणाची अट आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. औरंगाबादलाही असे केंद्र आले. नव्या अध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, अनुभवी अध्यापकासाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, आणि ते पूर्ण केल्यावाचून पुढची श्रेणी नाही. मंठ्याचा किंवा जाफराबादचा अध्यापक महिनाभर रजेवर विद्यापीठात राहायला जाई, दुसऱ्या विद्यापीठांतली माणसे त्याला भेटत, संध्याकाळी ग्रंथालयात बसता येई. वर्गात झोपा काढणारेही असत, पण कित्येकांच्या संशोधनाचा विषय त्या महिन्यातल्या गप्पांतून निघाला. योजनेचे खरे मोल त्या मोकळ्या महिन्यात होते.

हा मोकळा वेळ पुढे कसा नाहीसा झाला, ते पाहण्याआधी जिल्ह्यातल्याच एका कामाकडे वळू. जालन्याहून संभाजीनगरच्या रस्त्याला बदनापूर लागते. तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. बदनापूरच्या केंद्राचे मुख्य काम कडधान्यांचे, त्यातही तुरीचे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला केंद्राचा पत्ता ठाऊक नसेल, पण 'बीडीएन' ही तीन अक्षरे ठाऊक आहेत. बीडीएन २, बीडीएन ७०८, बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ ही सारी वाणे येथली, आणि अलीकडचे 'गोदावरी' या नावाने गाजलेले बीडीएन २०१३-४१ हेही येथलेच.

तुरीचे वाण तयार होते कसे, हे सांगण्याजोगे आहे, कारण त्यात या भाषणाचा मुद्दा आहे. तुरीला दोन रोगांनी जेरीस आणले होते. एक मर. तिची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते आणि ऐन फुलोऱ्यात हिरवेगार झाड उभ्याउभ्या वाळते. दुसरा वांझ रोग. डोळ्यांना धड न दिसणारा कोळी तो पसरवतो, झाड हिरवे राहते, पाने बारीक होतात, पण फूल धरत नाही आणि शेंगही लागत नाही. या रोगांना दाद न देणारे झाड शोधायचे तर आधी रोग जोपासावा लागतो. संशोधक मर रोगाच्या बुरशीने मुद्दाम भरलेली जमीन राखतो आणि त्यात शेकडो वंश पेरतो. वांझ रोगासाठी रोगट झाडाची पाने निरोगी रोपांच्या पानांना टाचून लावतो. जे तगते त्याचे बी वेगळे ठेवतो. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारचा पराग आणून टाकतात. म्हणून निवडलेली झाडे जाळीखाली राखावी लागतात, नाही तर साऱ्या निवडीवर पाणी पडते. तुरीचे पीक पाच-सहा महिन्यांचे, म्हणजे वर्षाला एकच हंगाम. संकर केल्यापासून वंश स्थिर व्हायला सहा-सात हंगाम जातात, मग निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, मग शेतकऱ्यांच्या रानात. दहा-बारा वर्षे सहज लागतात. मधे एखादा १९७२ सारखा किंवा २०१२ सारखा दुष्काळ आला तर त्या वर्षाचे काम कोरडे जाते.

बीडीएन ७११ पाच महिन्यांच्या आसपास काढणीला येते. बीएसएमआर ७३६ ला त्याहून तीन-चार आठवडे अधिक लागतात. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. परतूरच्या किंवा घनसावंगीच्या हलक्या-मध्यम रानात, जेथे ऑक्टोबरचा पाऊस दगा देतो, तेथे त्या तीन-चार आठवड्यांवर शेंग भरणार की नाही हे ठरते. म्हणजे एका अध्यापकाने, त्याच्या सहकाऱ्यांनी, उन्हातान्हात फुलांना चिमटे लावणाऱ्या मजूर बायांनी दहा-बारा वर्षे एका कामाला दिली, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात हे तीन-चार आठवडे पडले. बियाण्याच्या पिशवीवर त्यांपैकी कोणाचेही नाव नाही. नाव आहे ते गावाचे. प्राध्यापकाचे सुयश कशाला म्हणावे याचे याहून स्वच्छ उदाहरण जिल्ह्यात नाही.

येथे एक आडवळण घेणे भाग आहे. बियाण्याच्या क्षेत्रात जालन्याचे नाव जगभर झाले ते विद्यापीठामुळे नव्हे. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको कंपनी काढली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कर्तृत्वाचा मान ठेवूनही एक फरक सांगितला पाहिजे. संकरित कपाशीचे आणि २००२ नंतरच्या बीटी कपाशीचे बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते. बदनापूरच्या तुरीचे बी तो काळजी घेतल्यास घरचे राखू शकतो, शेजाऱ्याला पायलीभर देऊ शकतो. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन लोकांच्या कणगीत जाते. कंपनीच्या संशोधनाचे फळ आधी तिच्या ताळेबंदात दिसते. विद्यापीठातील पदे रिकामी ठेवण्याचे धोरण म्हणजे केवळ प्राध्यापकांच्या नोकऱ्यांवर घाला नव्हे, ती या कणगीचीही लूट आहे.

आता गुणांकनाकडे. २०१० मध्ये अनुदान आयोगाने नवे विनियम आणले आणि प्राध्यापकाच्या कामाला आकडे चिकटवले. परिसंवादात निबंध वाचला की इतके गुण, नियतकालिकात छापला की इतके, पुस्तकातले प्रकरण असेल तर इतके. वर्षाच्या शेवटी बेरीज, आणि बेरजेवर पदोन्नती. उद्देश वाईट नव्हता. परिणाम काय झाला हे महाविद्यालयांशी संबंध असलेला प्रत्येक जण जाणतो. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके गल्लीबोळांतून निघाली. परिसंवादांत श्रोत्यांपेक्षा निबंधवाचक अधिक झाले. अखेर आयोगालाच आपल्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर नवी काटेकोर यादी केली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. महाविद्यालयांच्या बाबतीत २०१८ च्या विनियमांनी गुणांचा जाच काहीसा सैल केला, परंतु प्रमाणपत्रे गोळा करण्याची लागलेली सवय सुटली नाही. करोनाच्या काळात वेबिनारांच्या लाटेने ती दृढच केली. मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे ठेवायच्या फाइली जाड असाव्या लागतात, हेही त्याला कारण आहे.

ज्या संशोधनाला दहा हंगाम लागतात त्याला वर्षाच्या बेरजेत काय स्थान मिळणार? भोकरदनच्या रानात आढळणारी मातीची भांडी, जांब समर्थच्या परिसरातली हस्तलिखिते, मंठा-परतूरच्या तांड्यांवरची गोरमाटी बोली, यांवर काम करू इच्छिणाऱ्या अध्यापकाला पहिली पाच-सहा वर्षे दाखवण्यासारखे काही नसते. तो ऐकतो, टिपतो, चुकतो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचे पंधरा निबंध छापून झालेले असतात.

आणि तासिकेच्या अध्यापकाजवळ तर वर्षही नसते, त्याच्याजवळ नऊ-दहा महिने असतात. समजा, घनसावंगीच्या महाविद्यालयात असा एक अध्यापक आहे. त्याने पाच वर्षे खपून पीएच.डी. मिळवली. राज्यात अशा अध्यापकाला आठवड्याला सामान्यतः नऊ तासिकांच्या वर काम देत नाहीत, म्हणून पोटासाठी तो दुसऱ्या महाविद्यालयातही तास घेतो. दोन्ही गावांमधला प्रवास मोटारसायकलवर, पेट्रोल त्याचे. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल याची शाश्वती नाही, दिवाळी उधारीवर जाते. २०१९ च्या जानेवारीत अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत असे सांगितले. राज्याचा दर त्याहून खालीच राहिला. त्याच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. हे कायम प्राध्यापकाला जास्त मिळते म्हणून नव्हे. दोघे एकच अभ्यासक्रम एकाच वर्गाला शिकवतात म्हणून सांगायचे.

या अध्यापकाला 'व्यावसायिक विकासाच्या संधी' आहेत काय? कागदोपत्री काही दारे उघडी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने मालवीय मिशन या नावाने अध्यापक प्रशिक्षणाची नवी योजना सुरू केली आणि जुनी केंद्रे तिच्यात सामावली. अकॅडमिक स्टाफ कॉलेजाचे मनुष्यबळ विकास केंद्र झाले होते, त्याचे आता हे झाले. पाट्या बदलण्यात आपले शासन कधी कमी पडलेले नाही. बरेचसे वर्ग ऑनलाइन झाल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च वाचला, हे खरे. पण मोकळा महिना गेला. कायम प्राध्यापकदेखील आता तास घेता घेता कानाला यंत्र लावून प्रशिक्षण उरकतो. तासिकेच्या अध्यापकाने ते केले तर त्याला प्रमाणपत्र मिळेल, पण ते लावायचे कोठे? त्याला श्रेणी नाही, म्हणून पदोन्नती नाही. पगारी अभ्यासरजा नाही. संशोधक विद्यार्थी घेण्याची मान्यता नाही. संशोधन प्रकल्पाचा अर्ज करावा तर प्रकल्प दोन वर्षांचा आणि नेमणूक मार्चपर्यंतची. स्त्री अध्यापिकांची स्थिती आणखी बिकट. त्यांच्यापैकी कित्येकींना बाळंतपण म्हणजे ते वर्ष हातचे जाणे, आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरे कोणी असणे.

या अन्यायाला एक सामाजिक बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर काय गुदरले ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या संघर्षातून जी पिढी विद्यापीठाच्या पायऱ्या चढली, दलित वस्तीतली, तांड्यावरची, कोरडवाहू कुणब्याच्या घरातली, तिची मुले आज नेट-सेट आणि पीएच.डी. घेऊन उभी आहेत. नेमक्या त्याच वेळी भरती आखडली. २०१८ मध्ये रिक्त जागांपैकी चाळीस टक्के भरण्यास शासनाने मान्यता दिली, २०२१ मध्ये साऱ्या राज्यासाठी २,०८८ जागांना. मधली वर्षे बंदीत गेली. कायम जागा निघाली तरी ती कोणत्या वजनावर भरली जाते याविषयी खेड्यापाड्यांतले लोक जे बोलतात, ते निराधार नाही हे शिक्षणसंस्था चालवणारेही खासगीत कबूल करतात. शेत विकून जागा घ्यावी लागत असेल तर शेत नसलेल्याने काय विकावे?

आता थोडे आपल्याच घरात पाहू. प्राध्यापकांच्या संघटना ही पुरोगामी चळवळीची जवळची माणसे. महाराष्ट्रात १९७०-८० च्या दशकांत वेतनश्रेणीसाठी, सेवाशाश्वतीसाठी, संस्थाचालकांच्या मनमानीविरुद्ध त्यांनी जे लढे दिले त्यांतून प्राध्यापकाला माणसासारखे जगता येऊ लागले. २०१३ मध्ये ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत एमफुक्टोच्या नेतृत्वाखाली परीक्षांच्या कामावर बहिष्कार होता. मराठवाड्यातील प्राध्यापक त्यात होते. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेटशिवाय नेमलेल्यांचा प्रश्न हे त्या लढ्याचे मुद्दे होते, आणि शासनाने पगार रोखूनही लोक हटले नाहीत. या चिकाटीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या मागण्यांमध्ये तासिकेच्या अध्यापकाचे दुःख कितव्या क्रमांकावर होते, हे संघटनेच्या मित्रांनी स्वतःला विचारावे. निवेदनाच्या शेवटी एक ओळ घातली की काम झाले, अशी सवय पडली आहे. गिरणीच्या बदली कामगाराला कायम कामगाराच्या युनियनने वाऱ्यावर सोडले की मालकाचे फावते, हे मुंबईच्या कामगारांकडून शिकलेल्या चळवळीला पुन्हा सांगावे लागू नये.

काय करता येईल? कायम भरतीची मागणी सोडायची नाही. समान कामाला समान दर, बारा महिन्यांची नेमणूक आणि दरमहा वेतन या मागण्या मुंबईला मंत्रालयापर्यंत न्याव्या लागतील. पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात काही गोष्टी आजही शक्य आहेत. बदनापूरचे केंद्र येथे आहे. खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. ज्या संस्थेची परंपरा १९३३ पासूनची, तिच्या प्रयोगशाळा येथून मोटारसायकलच्या टप्प्यात आहेत. अंबडच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला उन्हाळ्यात पंधरा दिवस बदनापूरला, जाफराबादच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिकेला जालन्याच्या प्रयोगशाळेत काम करू द्यावे, कायम-तासिका असा भेद न करता, आणि त्या पंधरा दिवसांचे मानधन विद्यापीठाने द्यावे. यासाठी दिल्लीच्या मिशनची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत आपल्या विचाराचे जे सदस्य आहेत त्यांनी एवढा एक ठराव मांडावा.

आणि कार्यकर्त्यांसाठी काम आहे. अनुदानित महाविद्यालये माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली येतात. प्रत्येक तालुक्याच्या शाखेने आपल्या महाविद्यालयाला एकच अर्ज द्यावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या वर्षी कायम अध्यापकांनी किती तासिका घेतल्या आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी किती, त्यांचे मानधन कोणत्या तारखांना अदा झाले, आणि ग्रंथालयाचे व प्रशिक्षणाचे पैसे कोणासाठी खर्च झाले. आठही तालुक्यांची उत्तरे एकत्र आली की जिल्ह्याचा तक्ता तयार होईल. अर्ज मे महिन्यातच गेले पाहिजेत. उत्तराला तीस दिवस लागतात, आणि तासिकांच्या मुलाखती जुलैत सुरू होतात.